धानाच्या गावात कँडल वाचताना

शेअरच्या चार्टवरच्या ज्या कँडलकडे मी दिवसभर बघतो, तिचं मूळ तांदळाच्या बाजारात सांगतात. ओसाकाच्या दोजिमा बाजाराला 1730मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि तिथे तांदळाचे वायदे चालू लागले. कँडलचं श्रेय सहसा सकाटाच्या होम्मा मुनेहिसा या व्यापाऱ्याला दिलं जातं. त्याचं घराणं मोठं जमीनदार. म्हणजे पीक कसं उतरणार, याचा अंदाज त्याला भावाच्या रेघांबाहेरही घेता येत होता. चार्ट शिकवणारे हे सहसा सांगत नाहीत.

आमच्या गोंदियातला मिलवालाही ढिगात हात खुपसून मूठभर धान काढतो, तळव्यावर चोळतो, दाणा दाताखाली धरतो. कट्टकन तुटला तर वाळलेला. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, म्हणून हा दात फार मोलाचा. भाव त्याला तोंडपाठ असतो, तरी नुसत्या भावावर तो माल उचलत नाही.

शेअर घेताना हेच मिलवाले मला फक्त विचारतात, चार्ट काय म्हणतो?

चार्ट एवढंच म्हणतो की कालपर्यंत किती मालाचा कुठल्या भावाला हातबदल झाला. 20 जुलै 2023 रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. 25 ऑगस्टला उकड्या तांदळाच्या निर्यातीवर वीस टक्के शुल्क बसवलं. असा निर्णय चार्टवरच्या कुठल्या सपोर्टला, कुठल्या मूव्हिंग अॅव्हरेजला विचारून होत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या तिरोड्याचं उदाहरण आणखी जवळचं. तिथे अदानी पॉवरचा 3300 मेगावॅटचा प्रकल्प आहे. 24 जानेवारी 2023ला अदानी समूहावर गैरव्यवहाराचे आरोप करणारा हिंडेनबर्गचा अहवाल आला. समूहाने आरोप फेटाळले, पण शेअरला पाच-पाच टक्क्यांची लोअर सर्किटं, म्हणजे दिवसभरात भाव पडण्याची कमाल मर्यादा, लागत गेली. स्टॉपलॉस ही विकायची सूचना असते; घेणारा समोर असेल तरच ती पुरी होते. विकणाऱ्यांची रांग लांबलचक आणि घेणाऱ्यांचा रकाना रिकामा, अशा पडद्यावर बारकाईने आखलेली रेघही निरुपयोगी ठरते. भाव पावणेतीनशेच्या आसपासवरून दीडशेखाली आला, आणि जून 2024मध्ये साडेआठशेच्या वर गेला. पडत्या काळातला चार्ट बघून हा शेअर पुन्हा उठेल असं खात्रीने सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

या कंपनीत दहा वर्षांसाठी पैसे घालायचे तर प्रश्न वेगळे आहेत. महावितरणशी असलेले वीजखरेदीचे करार किती वर्षांचे? कोळशाच्या वाढीव खर्चाची भरपाई कोणी द्यायची, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. त्यांचा निकाल नफ्यात किती उतरला? कर्ज किती, व्याज किती? हे वार्षिक अहवालात असतं. वाचायला चार संध्याकाळी लागतात, आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे घालणाऱ्याने त्या द्यायलाच हव्यात, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

चार्ट मी सोडलेला नाही. आठ-पंधरा दिवसांच्या सौद्यात तोच माझं मुख्य हत्यार आहे. लांबच्या गुंतवणुकीत मात्र कंपनी पटल्यानंतरच तो उघडतो: व्हॉल्यूम पुरेसा आहे का, भाव एकदम उसळलाय का, रक्कम एकदम घालावी की तीन-चार टप्प्यांत, एवढंच त्याला विचारतो.