"पुरावा आहे का काही?"

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. निघताना एक खेळाडू गाडीजवळ आली. "सर, ते साहेब रात्री फोन करतात. नाही उचलला तर टीममधून नाव काढीन म्हणतात."

मी काय म्हणालो? "पुरावा आहे का काही?"

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी बक्षीस वितरणाची बातमी लागली, फोटोत मधोमध तेच साहेब. पुढच्या वर्षी ती पोरगी संघात नव्हती. का, हे विचारायला मी गेलो नाही.

ऑगस्ट 2023 आठवा. स्पेनच्या मुलींनी सिडनीत इंग्लंडला 1-0 ने हरवून विश्वचषक जिंकला. पदकं देताना महासंघाचा अध्यक्ष लुईस रुबियालेस याने जेनी एर्मोसोचं डोकं धरून ओठांचं चुंबन घेतलं. सगळं टीव्हीवर लाइव्ह. याहून मोठा पुरावा कुठला? तरी पाच दिवसांनी हा गडी भर सभेत ओरडतो, राजीनामा देणार नाही. वर टाळ्या! महासंघाने उलट तिलाच खोटं पाडायला पत्रक काढलं.

मग 81 खेळाडूंनी सह्या केल्या : हे पदाधिकारी असेपर्यंत देशाकडून खेळणार नाही. लगेच फिफाने त्याला निलंबित केलं, सप्टेंबरात राजीनामा आला. फेब्रुवारी 2025 मध्ये कोर्टाने लैंगिक अत्याचारात दोषी धरून 10,800 युरो दंड केला. पण 2022 मध्ये 15 जणी वातावरणाला कंटाळून संघाबाहेर झाल्या, तेव्हा त्यांना "आधी माफी मागा" असंच सुनावलं होतं. बहुतेकींचा विश्वचषक हुकला.

लांबचं वाटतंय? मार्च 2024, आपल्या शेजारचं गोवा. महिला लीगसाठी आलेल्या हिमाचलच्या दोन खेळाडूंनी तक्रार दिली : रात्री खोलीत अंडी करत होतो, तर महासंघाच्या कार्यकारिणीतला सदस्य दारू पिऊन आत शिरला आणि मारहाण केली. राज्य संघटनेचा सरचिटणीसही तोच. गोवा पोलिसांनी अटक केली, महासंघाने निलंबित केलं. पण मला सांगा, पोलिसांत जायचं धाडस झालं नसतं तर या पोरींनी तक्रार नेमकी कुणाकडे करायची होती?

स्पेनच्या पोरींकडे निदान विश्वचषक होता. आपल्या तालुक्यातल्या पोरीकडे काय असतं? सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची आशा. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही साहेबांची.

2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा मैदानाला आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे. जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो. हे किती मैदानांवरच्या फलकावर लिहिलंय? मी आमच्याकडची तीन मैदानं फिरलो. उद्घाटकांची नावं सगळीकडे आहेत, समितीचा नंबर एकाही ठिकाणी नाही.

या आठवड्यात जिल्हा क्रीडा कार्यालयात लेखी मागणी देतोय. पालकांनो, सोबत या. गर्दी असली की साहेब लोकांना ऐकू येतं.

आणि ती पोरगी हे वाचत असेल, तर : पुरावा शोधणं माझं काम होतं गं, तुझं नव्हे. चुकलो.