काळजीवाहू

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग फार लांब नाही. कमानी सभागृह, दूरदर्शनचे मुख्यालय, पुढे जुने महाराष्ट्र सदन आणि चौकाच्या दुसऱ्या अंगाला १९६१ साली उभे राहिलेले रवींद्र भवन. दिल्लीकर मराठी माणसाचे नाटक, साहित्य आणि घरच्या चवीचे जेवण यांची सोय एवढ्याशा अंतरात झालेली आहे. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, त्या कोपर्निकसने पडुआ येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि हयातीत तो लोकांवर उपचारही करीत असे, ही गोष्ट मात्र या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

याच रस्त्याने एक बाई तीस वर्षे ये-जा करीत आल्या. दिल्लीच्या एका महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकवले. चर्चासत्र संपले की रवींद्र भवनातून सदनापर्यंत पायी जायचे, हा त्यांचा नेम होता. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, काखेतील ग्रंथीही काढाव्या लागल्या. पुढे औषधांच्या फेऱ्या आणि त्यानंतर किरणोपचार असा क्रम ठरला.

बातमी पसरली तसे फोन येऊ लागले. प्रत्येक फोनच्या अखेरीस दोन वाक्ये ठरलेली असत : ‘काळजी करू नका’ आणि ‘काळजी घ्या’. जन्मभर शब्दांत वावरलेल्या बाईंना या जोडीची गंमत वाटू लागली. मराठीत ‘काळजी’ हा शब्द चिंतेलाही पुरतो आणि जपणुकीलाही. एक काळजी टाकायची आणि दुसरी घ्यायची. पण टाकणारीही तीच आणि घेणारीही तीच, जी आधीच अंथरुणाला खिळलेली आहे! बोलणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. फोन खाली ठेवून तो मोकळा होतो.

मराठीने काळजीला तिसरेही एक क्रियापद दिले आहे, ते म्हणजे ‘वाहणे’. पण ‘काळजीवाहू’ हे विशेषण आता आढळते ते बहुधा वर्तमानपत्रात, आणि तेही सरकारच्या मागे. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला की नवे येईपर्यंत जुनेच काळजीवाहू म्हणून राहते. रोजचा कारभार त्याने थांबू द्यायचा नसतो. धोरणाचे मोठे निर्णय मात्र घ्यायचे नसतात. संसदेच्या गावी राहणाऱ्या बाईंना हा अर्थ नित्याचाच होता. आजारी माणसाच्या घरात नेमके असेच माणूस हवे असते, हे त्यांना अंथरुणावर पडल्यावर उमगले.

कारण आलेल्यांपैकी बहुतेकांना धोरणातच रस होता. कोणी एका वैद्याचा पत्ता आणला, कोणी साखर सोडायला सांगितले, कोणी मनाचा निर्धार असला की रोग पळतो असे बजावले. त्या शेवटच्या उपदेशात एक गर्भित आरोप असतो : रोग हटला नाही, तर निर्धार कमी पडला. सुझन सोनटॅग हिला १९७५ साली याच रोगाने गाठले होते. रोगाला रूपकात गुंडाळून त्याचा दोष रोग्याच्या स्वभावावर टाकण्याच्या या सवयीविरुद्ध तिने १९७८ साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले. बाईंनी ते एकेकाळी वर्गात शिकवले होते. आता त्या स्वतःच त्या पुस्तकाचा विषय झाल्या होत्या.

रोजचा कारभार चालवला तो वेगळ्याच माणसांनी. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचाराला काही मिनिटे पुरतात, पण जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. शेजारच्या निवृत्त कारकुनाने मंगळवार आणि शुक्रवार आपल्याकडे घेतले, एका जुन्या विद्यार्थिनीने उरलेले दिवस तिघांत वाटून दिले. ‘काही लागले तर सांगा’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. औषधाच्या फेरीनंतर आठवडा-दोन आठवडे रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून सर्दी झालेल्या दिवशी ती विद्यार्थिनी डबा दाराबाहेर ठेवून परत जाई. ताप शंभराच्या वर चढू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे तिने फोन नंबरासह कागदावर लिहून दाराला लावले होते.

साताऱ्याहून नणंद आली. ऑपरेशनच्या जागेकडे पाहून ती रडली नाही, की दृष्टीही वळवली नाही. चार दिवसांनी तिने विचारले, ‘वहिनी, पोलक्यात कापूस शिवू का, की राहू द्यायचं?’ बाई म्हणाल्या, ‘सभेला जायच्या दोन पोलक्यांत शिवा. घरच्यांत नको, वन्सं.’

या साध्या प्रश्नामागे मोठा वाद उभा आहे. टेरीस लॅसर हिच्यावर १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातून उठलेल्या स्त्रीने दुसरीच्या खाटेपाशी जावे, ही प्रथा तिने सुरू केली. पुढे त्याच प्रथेतून एक स्वयंसेविका ऑड्री लॉर्ड या कवयित्रीकडे मऊ कृत्रिम स्तन घेऊन आली, तेव्हा लॉर्डला त्यात आधाराऐवजी लपण्याचा आग्रह दिसला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या रोजनिशीवजा पुस्तकात तो प्रसंग आहे. लॅसरची कळकळ खोटी नव्हती आणि लॉर्डचा संतापही. साताऱ्याच्या नणंदेने या दोघींची नावे ऐकली नव्हती. तिने फक्त आधी विचारले.

व्यक्तीने वाहायचे ते संस्थांनीही वाहिले आहे. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा निवारा देते. दिल्लीत स्वतः कर्करोगातून उठलेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ साली ‘कॅनसपोर्ट’ स्थापन केली. तिचे डॉक्टर आणि परिचारिका घरी जाऊन विनामूल्य शुश्रूषा करतात. आणि आधार रोगाच्या आधीही देता येतो. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत त्यापायी होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्या तपासणीसाठी यंत्र लागले नव्हते. शिकवलेले हात पुरले.

बाईंची सर्वांत जवळची मैत्रीण मात्र पाच महिने फिरकली नाही. ती भाषाशास्त्राची प्राध्यापिका. शेवटी आली तेव्हा दारातच म्हणाली, ‘काय बोलावं ते सुचेना, म्हणून आले नाही.’

‘बोलायला कुणी सांगितलं होतं?’ बाई म्हणाल्या. ‘ज्वारीचं दळण पडून होतं. ते आणून द्यायचं होतंस.’

मैत्रीण गप्प राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, डबा उघडून पाहिला आणि ज्वारी घेऊन गिरणीत गेली. दोघींत जे तुटले होते ते त्या दिवशी पुरते सांधले असे नाही. बाई क्षमाशील स्वभावाच्या नव्हत्या, आणि पाच महिने हे पाच महिनेच असतात. पण पुढच्या सोमवारी मैत्रीण पुन्हा आली, त्याच्या पुढच्या सोमवारीही.

उपचार संपल्यावर पहिल्या चर्चासत्राला दोघी रवींद्र भवनात गेल्या. बाहेर पडून नेमाप्रमाणे कोपर्निकस मार्गाला लागल्या. ग्रंथी काढलेल्या हाताला सूज येण्याचे भय कायमचे राहते. बाईंनी पुस्तकांची पिशवी उजव्या हातात घेतली होती. थोडे चालल्यावर ती नकळत डाव्या हातात गेली. मैत्रिणीने बोलणे न थांबवता पिशवी काढून घेतली. विषय अनुवादाचा होता आणि दोघींचे मुळीच एकमत नव्हते. सदनाच्या फाटकाशी पोचेपर्यंत वाद चालू होता.