तुटलेला कान

जुलैतली दुपार होती. डेट्रॉईटच्या उत्तरेला, आय-75 वर, बॉनेटखाली कुणी तांब्या आपटावा तसा आवाज झाला आणि एसीतून गरम वारा यायला लागला. इंजिन मात्र चालूच होतं. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर एसीचा पट्टा लोंबत होता. तो ताणून धरणारी पुली खालच्या पत्र्यावर पडली होती, तुटलेल्या कानासकट.

कान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव ब्रॅकेटचा बाहेर आलेला जाड भाग. त्यातल्या आट्यांत पुलीचा बोल्ट बसतो. माझी गाडी 1990 सालची, जपानी, दोनच माणसांची, दिवे लावले की डोळे उघडणारी. तिचं हे ब्रॅकेट मला नवं कुठेच मिळेना. वॉटर पंपाचा पट्टा वेगळा, त्यामुळे एसीवाचून गाडी धावली असती. बायको म्हणालीच, ‘‘टप उघडतो ना? मग वारा खा.’’ पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, 1995 पासून. तिथे तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकायचं असतं, वारा कुठला? शिवाय, खरं सांगायचं तर, मोडकी वस्तू तशीच ठेवून मला झोप लागत नाही.

पहिला उपाय लाजिरवाणा होता. धातूचा चुरा घातलेलं दोन नळ्यांचं इपॉक्सी लावून कान रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवला. इंजिन सुरू केल्यावर तो चाळीस सेकंद टिकला. पट्टा पुलीला अर्धा वळसा घालतो तेव्हा कानावर पट्ट्याच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट ओढ येते, वर इंजिनाची थरथर. इपॉक्सी बिचारं काय करणार!

मग रात्री कोल्हापूरला मामांना फोटो पाठवला. उद्यमनगरात लेथवर त्यांची हयात गेली. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

‘‘तुटल्याल्या तोंडाला दोन रंग हाईत बघ. अर्धं काळपट, अर्धं चकचकीत. चीर जुनी हाय, तुटलंय तेवढं काल. पट्टा रडत हुता काय?’’

रडत होता. एप्रिलमध्ये मी तो बदलला तेव्हापासून. सकाळी किंचाळला की मी बोल्ट थोडा आवळायचो. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘‘रडतंय म्हणून आवळतोस व्हय? का रडतंय ते बघायचं की, लेका!’’

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त वेल्डर राहतात. आर्गन वेल्डिंगचं यंत्र त्यांच्या गॅरेजमध्ये अजून आहे. ब्रॅकेट त्यांच्याकडे नेलं, पण पहिला सबंध दिवस त्यांनी यंत्र सुरूच केलं नाही. ब्रॅकेट धुतलं, तापवलं, पुन्हा धुतलं. मग ते जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळलं, म्हणजे तापल्यावर वाकायला नको. तुटलेला तुकडा चिरेत तंतोतंत बसवून बोल्टाचं भोकही पाटाशी पक्कं केलं. जागा चुकली तर सगळं व्यर्थ. त्यानंतरच चिरेच्या कडा घासून खाच काढली.

लोखंड वितळण्याआधी लाल होऊन बजावतं. अ‍ॅल्युमिनियम काही बोलत नाही. शुद्ध असेल तर 660 अंश सेल्सिअसला, ओतीव मिश्रण असेल तर त्याही आधी, रंग न बदलता घरंगळतं. उलट त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2,000 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. सायीखाली दूध उकळावं तसा प्रकार. म्हणून वेल्डिंगला अल्टरनेटिंग करंट वापरतात. त्याच्या उलटसुलट वाहण्याने ती साय फुटते. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. काळ्या काचेतून तो चमकता थेंब सरकताना पाहिला तेव्हा पोटात गोळा आला.

पहिल्या थरात काळे बुडबुडे आले. तीस वर्षांचं तेल ओतकामाच्या छिद्रांत मुरलेलं. घासून काढलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला सिलिकॉनवाल्या सळईचा थर स्वच्छ बसला. दुसऱ्या दिवशी भोक मोकळं करून नवे आटे पाडले आणि त्यांत पोलादी तारेची हेलिकॉइल बसवली.

ब्रॅकेट गाडीवर चढवलं आणि मामांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही पुल्यांच्या तोंडावर पोलादी पट्टी धरली. आमची पुली 3 मिलिमीटर आत! वेल्डिंगने वाकलं म्हणून डोक्याला हात लावला. वेल्डरसाहेब मात्र शांत होते. त्यांनी बोल्ट हातात घेतला आणि विचारलं, ‘‘याच्यावर काही होतं का?’’

माझ्या गॅरेजात ‘उरलेल्या’ वस्तूंची लोणच्याची बरणी आहे. काम संपल्यावर जास्तीचं वाटतं ते मी तिच्यात टाकतो. बरणी उपडी केली. एप्रिलमध्ये जास्तीचा वाटलेला जाड वायसर बाहेर पडला. कॅलिपरवर 3 मिलिमीटर.

वायसर घातला, पट्टी तिन्ही पुल्यांना टेकली. पट्टा अंगठ्याने जोरात दाबल्यावर सेंटिमीटरभर दबेल इतकाच ताणला. सुरू केलं. काहीही ऐकू आलं नाही. मामांना कळवलं तर ते बराच वेळ हसत राहिले.

मेळ्याच्या दिवशी एसी गार चालला होता. पुढे एक लाल मस्टँग होती, तिच्या बॉनेटखालून किंचाळी येत होती. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘खाली उतरायचं नाही,’’ ती म्हणाली.