दोघांपुरता गंज

गंजबाजारात मी स्टीलचं लहान पातेलं घ्यायला गेले होते. दुकानाच्या पायरीशी मोडीचा ढीग पडलेला. पोचे पडलेल्या कळशा, कान तुटलेलं घंगाळ, एकात एक अडकून बसलेले पेले. त्यातून एका छोट्या पितळी गंजाचा काठ डोकावत होता आणि काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, ‘चि. सौ. कां.’ पुढचं नाव घासून घासून गेलेलं. त्याखाली ‘हिस मामाकडून’ आणि तारीख, १२-५-६८. भाची पुसली गेली होती, मामा तेवढा उरला होता.

आईच्या पाथर्डीकडच्या बोलीत उभट पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडाला चढतो तोही गंज, बाजार तोही गंज, आणि कडबा रचला की त्याची गंजी. लग्न होऊन नगरात आले तेव्हा ‘गंजबाजार’ ऐकून मला वाटलं होतं, इथे नुसती पातेलीच मिळत असणार. जाऊन बघते तो सोन्याची दुकानं.

मुलं पुण्याला गेली. घरात आता आम्ही दोघं आणि सात माणसांची भांडी. पाच लिटरच्या कुकरात अर्धी वाटी डाळ उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखी तळाशी दिसते. पिठलं रुंद कढईत नुसतं पसरतं आणि कडेनं करपतं. दोघांचा स्वयंपाक सोपा, असं म्हणणाऱ्यांनी तो केलेला नसतो. मीठ निम्मं होतं, आच निम्मी होत नाही. आणि हाताला तर मोजमाप कळतच नाही. तो आपला सातांचंच पीठ काढतो.

ह्यांनी इंडक्शनची शेगडी आणल्यापासून खिशात लोहचुंबक असतं. दुकानात शिरले की पहिलं ते भांड्याच्या बुडाला लावतात. भरपूर निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला ते चिकटत नाही, त्यामुळे दुकानदार ज्या भांड्याची तारीफ करतो नेमकं तेच हे बाजूला ठेवतात. पितळेला तर ते चिकटणारच नव्हतं. ‘नाही चिकटत,’ हे म्हणाले, आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

‘काकू, मोडीच्या भावात देतो.’ काट्यावर साडेसहाशे ग्रॅम भरला. तो तीनशे नव्वद म्हणाला, मी तीनशे. मी पोचा दाखवला, त्यानं टिचकी मारून नाद ऐकवला. तीनशे तीसला सौदा ठरला. वर म्हणतो, ‘नाव घालायचे पैसे वाचले की तुमचे!’

नाव घातल्याशिवाय आमच्या घरात भांडं चुलीपर्यंत जात नसे. बाजारात एकजण बारीक छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, टिक टिक करत अक्षरं उठवायचा. अक्षरामागे पैसे, म्हणून आई वडिलांचं नाव आद्याक्षरांत आटपायची. हे सगळं कशासाठी, ते गल्लीत लग्न निघालं की कळायचं. भाड्याची भांडी आणायची पद्धत नव्हती. पराती, घागरी, पळ्या, तसराळी घरोघरून गोळा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी अंगणात राखेनं घासून एकच ढीग लागायचा. १९७४ साली मी चौथीत होते, आणि त्या अंगणात जमलेल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. मला ओट्यावर बसवलं. एकजण भांडं माझ्यापुढे धरायची, मी मोठ्यानं नाव वाचायची, त्या घरची बाई उठून घेऊन जायची. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून प्रत्येकात चिमूटभर बुंदी पडायची. मला तहसीलदार झाल्यासारखं वाटत होतं.

एक म्हातारी होती, तिला सगळे जिजी म्हणत. तिच्या भांड्यांवर नाव नव्हतं. ती डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवायची आणि पोच्याशी थांबायची. ‘हा सासूनं फेकला तेव्हाचा,’ म्हणायची आणि कळशी उचलायची. तिचं एकदाही चुकलं नाही. माझी मात्र अक्षरं दोनदा चुकली, कारण कोरणाऱ्यानं ‘भ’ आणि ‘म’ सारखेच काढले होते.

मग एक मोठी तांब्याची परात आली. मी नाव वाचलं. दोघी उठल्या. एक, जिच्या सासऱ्याचं ते नाव होतं. दुसरी, जिच्या घरून परात आली होती. १९७२च्या दुष्काळात तिच्या नवऱ्यानं ती दुकानातून मोडीच्या भावात आणलेली. मला वाटलं, माझं वाचायला चुकलं. मी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं. आईनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. पहिली बाई खाली बसली आणि पदरानं नसलेला घाम पुसू लागली. दुसरीनं परात घेतली. बुंदी टाकायची राहिली, तेव्हा ती पुन्हा माघारी आली.

गंजाला कल्हई करायला माणूस शोधण्यात दोन आठवडे गेले. कल्हई नसेल तर पितळेत पदार्थ कळकतो. त्यानं गंज तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवली आणि आतून चांदणं पडलं. जाताना बजावलं, रिकामा आचेवर ठेवू नका. कथील २३२ अंशांनाच वितळतं. मला हे आवडलं. नॉनस्टिकसारखा हा रुसून पापुद्रे टाकत नाही, तापवून पुन्हा नवा होतो.

शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, रिक्षावाले अजून ‘नगर, नगर’ ओरडतात. नाव घालणाऱ्याचं काम तेवढं वाढलं असेल.

गंजबाजारापासून भुईकोट किल्ला लांब नाही. १९४२च्या ऑगस्टपासून मौलाना आझाद तिथे कैदेत होते. पहाटे तीन-चारला उठून स्वतःपुरता चहा करायचे. चमेलीच्या वासाचा चिनी चहा, बिनदुधाचा. दूध घालणाऱ्यांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. ‘गुबार-ए-खातिर’मधली, तिथून कधी टपालात न पडलेली पत्रं त्या चहाच्या सोबतीनं लिहिलेली आहेत. १९४३ मध्ये पत्नी झुलेखा कोलकात्यात वारल्या, तेव्हा ते इथेच होते. दुधाबाबत मी त्यांच्या बाजूची नाही. पण पहाटे एका माणसापुरतं पाणी मोजून ठेवणं, हे मला वाचताना अडलं होतं आणि अजून अडतं.

गंजात पहिल्यांदा शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, तिखट, मीठ. घट्ट मळून तेलाच्या हातानं वळ्या. फोडणी घिसाड्याकडून घेतलेल्या लोखंडी पळीत वेगळी केली आणि गंजातल्या पाण्यावर ओतली. उकळीत वळ्या सोडल्या, परातीतलं उरलेलं पीठ पाण्यात कालवून वर घातलं म्हणजे रस्सा दाटतो. हात पुन्हा सातांचाच चालला होता. गंज काठोकाठ भरला तरी परातीत निम्म्या वळ्या शिल्लक. त्या दुसऱ्या घाण्यात शिजवल्या आणि वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला स्टीलच्या डब्यातून पाठवल्या.

डबा चार दिवसांनी आला. धुतलेला, पण झाकणाला लसणाचा वास. आत ग्लुकोजची दोन बिस्किटं होती. त्याला हे कोणी शिकवलं, विचारायचं राहिलं. ह्यांनी ती चहात बुडवून तिथेच संपवली.