चूक वस्तूला सांगू द्यावी

मुलाला घरी शिकवायचं ठरवलं की पहिला मोह होतो खरेदीचा. भिंतीवरचे तक्ते, गुळगुळीत पुस्तकं, प्लॅस्टिकचे रंगीत आकडे. माझी दोन्ही मुलं सहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकली. त्या काळात माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली: मुलाच्या हातात अशी वस्तू द्यावी, जी त्याची चूक त्याला स्वतःच दाखवील.

उदाहरण डब्यांचं घेऊ. स्वयंपाकघरातले लहानमोठे स्टीलचे डबे सतरंजीवर मांडायचे, झाकणं बाजूला काढून ठेवायची. तीन वर्षांचं मूल मोठं झाकण लहान डब्यावर ठेवतं. ते घसरतं. मूल ते फिरवून पाहतं, दाबतं, मग दुसरं उचलतं. शेवटी एक डबा आणि त्यावर न बसणारं एक झाकण उरतं, तेव्हा आधीच कुठेतरी गडबड झाली आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि ते मागे जाऊन सगळं तपासतं. या सगळ्यात ‘चुकलं’ हा शब्द कुणी उच्चारलेला नसतो, म्हणून त्याला वाईटही वाटलेलं नसतं.

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या दट्ट्यांच्या पेट्यांमागे हाच विचार आहे: दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला की पेटीच ते सांगते. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढलं. तिथे महागडी साधनं आणायची कुठून? शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. घरी शिकवणाऱ्याला मला वाटतं याहून मोठा आधार नाही. जे अंगणात सापडतं त्यावर शिक्षण उभं राहतं, हे या दोघींनी करून दाखवलं आहे.

आकड्यांसाठी मी खराट्याचे हीर वापरले. बोटभर लांबीचे तुकडे करायचे, दहा झाले की रबर लावून गठ्ठा बांधायचा. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी कानावर येतो, म्हणून कितीतरी मुलं 23 ऐवजी 32 लिहितात. पाटीवर खोडून दुरुस्त केलं तर दुसऱ्या दिवशी तेच होतं. त्याऐवजी त्याने लिहिलेला आकडाच हिरांनी मांडायला सांगावं. तीन गठ्ठे आणि दोन सुटे मांडून मूल दहा, वीस, तीस असं मोजत जातं आणि स्वतःच थबकतं. एक गठ्ठा काढून घेतं, एक सुटा हीर वाढवतं आणि पाटीकडे वळतं.

पण प्रत्येक चूक अशी पटकन दिसत नाही, आणि इथेच शिकवणाऱ्याची खरी कसोटी लागते. पसरट वाटीतलं पाणी मुलादेखत उंच पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल म्हणेल, आता पाणी जास्त झालं. परत वाटीत ओतून दाखवलं तरी पुढच्या वेळी ते पेल्याकडेच बोट दाखवेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे बारकाईने अभ्यासलं. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास हा उलगडा होतो. तोवर समजावून सांगितलं तर मूल आपलं वाक्य पाठ करतं, एवढंच. म्हणून मोरीत वाट्या, पेले, फुलपात्रं, नरसाळं ठेवून द्यावं आणि त्याला ओतू द्यावं, महिनोन्‌महिने. उत्तर आपल्याजवळ असताना गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे.

पाच वर्षांच्या मुलाला मटकी द्यावी. एका वाटीत कोरडी, एका वाटीत पाण्यात बुडवलेली, तिसरीत रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधलेली. कुठल्या वाटीत मोड येतील, हे आधी विचारावं. बहुतेक मुलं पाण्याकडे बोट दाखवतात, कारण तिथे पाणी भरपूर आहे. एकदोन दिवसांत फडक्यातल्या मटकीला मोड फुटतात, बुडवलेली फुगून बसते आणि तिला वास येऊ लागतो. पाणी लागतं हे खरं, पण बीला हवाही लागते. हे तीन वाट्या एवढं स्पष्ट सांगतात की आपण फक्त ‘असं का झालं असेल?’ एवढंच विचारावं.

मांडणीचे काही नियम मात्र मी कटाक्षाने पाळले. एका वेळी एकच ताट. त्यात लागेल तेवढंच सामान. आधी एकदा आपण सावकाश करून दाखवायचं, न बोलता. मुलाचं मन उडालं की ताट उचलायचं, आग्रह करायचा नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चिंचोके, मणी, हरभरे अजिबात द्यायचे नाहीत, कारण ते नाकात आणि तोंडात जातात. पाण्याचा खेळ चालू असेल तर तिथून उठायचं नाही आणि संपताच भांडी रिकामी करायची.

शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीची वर्षं बरीचशी घराच्या हातात असतात. मूल बालवाडीत जात असलं तरी संध्याकाळचा अर्धा तास घरचाच असतो. स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त करायची सवय ज्या मुलाला या वयात लागते, ते पुढे गणिताला बिचकत नाही आणि प्रत्येक ओळीनंतर मोठ्यांच्या चेहऱ्याकडेही पाहत नाही. माझ्या मुलांमध्ये मी हे पाहिलं आहे. त्यासाठी दुकानात जायची गरज पडत नाही. डबे मांडा, झाकणं वेगळी करा आणि उत्तर तोंडावर आलं तरी थांबा.