धावता धावता कानातले गाणे

वयाच्या पन्नाशीत धावण्याचे वेड लागावे, हा आमच्या घरात चेष्टेचा विषय झाला आहे. नांदेडास विष्णुपुरीच्या वाटेवर पहाटे आम्ही धावत पुढे जावे व तीर्थरूप दादांनी काठी टेकीत मागून सावकाश यावे, असा परिपाठ. लातुरास शिकणाऱ्या पुतण्याने दिवाळीत आम्हांस बिनतारेचे इअरफोन आणून दिले. ते कानात घट्ट बसत आणि बाहेरचे जग पार मिटवून टाकीत. त्याचेच आम्हांस मोठे कौतुक!

गेल्या माघातली गोष्ट. एक रटाळ गाणे लागले म्हणून आम्ही पळता पळता मोबाईल काढला आणि दुसरे शोधू लागलो. घामेजल्या बोटास पडदा दाद देईना. मान खाली, पाय पुढे. बऱ्याच वेळाने वर पाहिले, तो समोरून येणारा एक दूधवाला हातवारे करून आमच्या मागे बोट दाखवीत होता. वळून पाहतो तो दादा रस्त्याच्या कडेला बसलेले, काठी दूर पडलेली. उसाच्या ट्रॉलीस वाट देताना मुरमावरून त्यांचा पाय घसरला होता. त्यांनी तीन वेळा हाक मारली होती.

मनगट मुरगळण्यावर निभावले. आईने आंबेहळदीचा लेप घातला. घरात कोणी रागे भरले नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

पुतण्यास आम्ही फोनवर दटावले, तर तो म्हणाला, "काका, गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. तिथून जाताना मी कानात काहीच घालीत नाही. तुम्हांला हे सांगायचे राहिलेच!" मग त्याने सारे नीट समजावून दिले. आता गाण्यांची माळ ओट्यावर बसूनच लावून ठेवतो. वाटेत निवड करणे नाही. जुन्या यंत्रास बोट लावून हुकूम द्यावा लागे, आणि ते घामाने भलत्याच वेळी बंद पडे. नवे यंत्र गालाच्या हाडावरून नाद पोचविते. कानाचे भोक मोकळे राहते. त्यास दाबावयाचे खरे बटण आहे. एकदा दाबले की गाणे थांबते, दोनदा दाबले की पुढचे लागते. मोबाईल खिशातच राहतो. आवाजही बेताचा ठेवतो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासच ऐकावा, ९० चा केवळ ४ तास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. शिवाय उजव्या कडेने धावतो, म्हणजे जवळची वाहने समोरून दिसतात.

दादांनी तरुणपणी पंढरीची वारी केली आहे. वेळापूरजवळ वारकरी धावतात, त्या धाव्यात तेही धावले आहेत. ते म्हणाले, "आमचे टाळ हातात असत. हात थांबला की नाद थांबे, आणि शेजारचा पडला तर लगेच कळे."

परवा त्यांनी ते यंत्र मागून घेतले. आम्ही अभंग लावून दिला. "हाडातून ऐकू येते रे!" म्हणून चार पावले चालले, आणि चालीशी ठेका जुळेना म्हणून परत आमच्या हाती दिले.