चूल मी बघतो!

ह्यूस्टनमधल्या आमच्या घरी थँक्सगिव्हिंगला सगळा गोतावळा जमणार होता. मग काय, ऑफसेट स्मोकर घ्यायचाच! फंडा सोपा : शेगडी बाजूला, मटण शेजारच्या आडव्या पिंपात. तिथे पोचतात फक्त धूर आणि धग.

दुकानात मी चकाचक रंगावर अन् चाकांवर जाम फिदा. बाबा गप्प. भारतातून आल्यापासून गप्पच होते. 'मला इथे काम काय?' एवढंच म्हणायचे. गावच्या जत्रेत मटणाच्या चुलीपाशी बसायचा मान त्यांचा!

अचानक त्यांनी स्मोकरवर टिचकी मारली. "पत्रा पातळ आहे रे. धग धरणार नाही." मग शेजारच्या पाव इंची जाड पत्र्याच्या स्मोकरचं झाकण लावून फटी तपासल्या. फटीतून हवा शिरली की आच आवरत नाही. आणि इथे तर ती ११०-१२० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास टिकवायची. महाग होता, पण तोच घेतला.

त्या दिवशी पहाटे पाचला मागच्या अंगणात गेलो, तर बाबा ओकची लाकडं रचत होते.

"झोप तू. चूल मी बघतो."